धारच्या मापाचा ओटा

आमच्या घरात जे काही नवीन झालं ते धारला जाऊन आल्यावर झालं. धारला मोठे काका राहायचे, बाबांचे सख्खे थोरले भाऊ. तिकडून परत निघालं की इंदूरला बस बदलेपर्यंत आई एक शब्द बोलत नसे. देवासच्या बसमध्ये बसलं की खिडकीकडे तोंड करून म्हणायची, "जाऊबाईंनी दारं-खिडक्यांना हिरवा रंग दिलाय." बस्स, एवढंच. पुढच्या रविवारी बाबा रंगाचा डबा घेऊन शिडीवर चढलेले असत, आणि शेजारचे मिश्राजी खालून विचारत, "क्या भिया, शादी है क्या घर में?" असं करत करत न्हाणीघराला दार आलं, स्वयंपाकघरात कोटा फरशी आली, मागच्या भिंतीत खिडकी आली. फरशी बाबांनी स्वतः बसवली होती. तिचा उतार मोरीकडे असायला हवा तो देवघराकडे गेला, त्यामुळे फरशी धुतली की देव आधी ओले व्हायचे. पण धारला फरशी होती आणि आता आमच्याकडेही होती.

मी जळायचे. हे आडवळणानं सांगण्यात काही अर्थ नाही. आईचं जळणं आतल्या आत असायचं, बाबांचं हातोडी-करवतीतून निघायचं, माझं मात्र उघड होतं आणि ते काकांच्या नलूवर होतं. नलू माझ्याहून काही महिन्यांनीच मोठी. गोरी, लांब वेणीची, आणि प्रत्येक गोष्ट बघून एकच वाक्य बोलणारी: "तुमच्याकडे नाही का?" झोपाळ्यावर बसली की, "तुमच्याकडे नाही का?" मागच्या अंगणातली कोवळी काकडी तोडून माझ्या हातावर ठेवली की, "तुमच्याकडे नाही का?" आता माझी सून म्हणते, आई, लहान मुलगी होती ती, सहज विचारत असेल. असेल. पण मी तेव्हा तिथं होते आणि सून नव्हती.

ओट्याचं सांगायचं तर आमच्याकडे स्वयंपाक बसून व्हायचा. धारला काकूनं उभं राहून करायचा ओटा बांधून घेतला, वर काळा कडप्पा, खाली डबे ठेवायला कप्पे. त्या वेळी परततानाच्या बसमध्ये आई काहीच बोलली नाही, दुसऱ्या बसमध्येसुद्धा नाही, आणि त्यावरून बाबांना कळलं की हे प्रकरण रंगापेक्षा मोठं आहे. पुढच्या खेपेला धारला गेल्यावर बाबांनी खिशातून सुतळी काढली, काकूच्या ओट्याला लावली, जिथं कडप्पा आला तिथं गाठ मारली आणि सुतळी परत खिशात घातली. त्या गाठीवरून आमचा ओटा झाला. काकू चांगली उंचपुरी बाई, बाबांच्या खांद्याला लागायची. माझी आई ठेंगणी. ओटा तयार झाला, त्यावर कुंकू-अक्षता वाहिल्या, आणि आई पोळ्या लाटायला उभी राहिली तेव्हा तिचे कोपर ओट्याच्या खालीच राहिले. बाबांचा चेहरा पडला. आईनं देवघरातला जेवायचा पाट आणला, ओट्यापुढे ठेवला आणि त्यावर चढली. मग तो पाट तिथंच राहिला, कायमचा. "काय वाईट आहे?" ती म्हणायची, "वरून सगळं नीट दिसतं."

आता भाजीचं. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बायकांनी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, हा आमच्यातला नेम. नांगरलेल्या शेतातलं धान्य नाही की भाजी नाही. माणसानं आपल्या हातानं खणलेल्या जमिनीत जे येईल ते खायचं, सोबत मोरधनाचा भात, ज्याला पुण्याकडचे वरी म्हणतात. सगळ्या भाज्या एकत्र शिजवायच्या: अळू, भेंडी, दोडका, लाल भोपळा, माठ, भुट्ट्याचे तुकडे, हिरवी मिरची, थोडी चिंच. तेलाची फोडणी नाही. पण देवासच्या बाजारात भाजीवालीला कुठं विचारणार की बाई, ही भेंडी बैलाची की हाताची? म्हणून दर वर्षी आम्ही धारला. घरचा गणपती तिकडेच बसायचा, थोरल्या घरी, आणि दुसऱ्या दिवशी काकूच्या परसातली भाजी. काकू स्वतः कुदळीनं वाफे खणायची. निघताना उरलेली भाजी पिशवीत भरून आईच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "घेऊन जा गं सुमन, तुमच्याकडे कुठं मिळायची." वाक्यात वाईट काही नव्हतं. पण ती पिशवी आई घरापर्यंत मांडीवर घेऊन बसायची आणि तिचं तोंड असं असायचं, जणू कुणाचं तरी आजारी मूल सांभाळतेय.

ज्या वर्षाचं मी सांगतेय त्या वर्षी धारला गच्चीवर वरची खोली काढायचं ठरलं. खोली नलूसाठी. मला घरात स्वतःची भिंतसुद्धा नव्हती, माझी पुस्तकं बाबांच्या ऑफिसातल्या नकाशांच्या गुंडाळ्यांखाली असायची, आणि नलूला खोली. ती बातमी ऐकून मी दोन घास कमी जेवले, हे मला पक्कं आठवतं. पण त्याच बातमीत आमचा डाव होता. पावसाळाभर तिकडे गवंडी, वाळू, चुना. म्हणून काकाच म्हणाले, यंदा गणपती देवासला बसवा. आईनं हे ऐकलं आणि पहिल्यांदा बाबांना तोंड उघडून काम सांगितलं: "मागच्या जागेत भाजी लावायची. ऋषीची भाजी यंदा आपल्या घरची."

मागची जागा म्हणजे नुसता उजाड तुकडा. आमचं घर वस्तीच्या शेवटच्या ओळीत, मागच्या दारातून सरळ दुसऱ्याचं शेत दिसायचं. घर बांधताना उरलेल्या विटांचे तुकडे, चुना, दगड सगळं तिथंच पुरलेलं, आणि वर उन्हात तापलेली काळी माती, दगडासारखी. बाबांनी कुदळ घेतली, सकाळभर खणलं आणि संध्याकाळी पाठीला बाम लावून पडून राहिले. तेवढ्यात कन्नौदला मामाचं लग्न निघालं, आई तयारीला पुढे गेली, आणि बाबांच्या जेवणासाठी मला मागे ठेवलं. मामाच्या लग्नाची खरेदी हुकली म्हणून मी घुसमटत होते, नाही तर कदाचित जास्त लक्ष दिलं असतं.

एका सकाळी अंबाराम आला. हा मागच्या शेताचा माणूस, आमच्याकडे दूध घालायचा, आणि अडीअडचणीला हाक मारली की यायचा. सोबत बैलजोडी. बाबांनी त्याला जमीन दाखवली तर तो म्हणाला, "कई बात नी बाबूजी, दो चक्कर में हुई जायगो." आधी नांगर, मग बखर, म्हणजे आपला वखर. मी मागच्या पायरीवर बसून बघत होते. पांढरेशुभ्र बैल, एकाचं शिंग जरा वाकडं. विटांचे तुकडे खडखड वर येत होते आणि मागे काळी, मऊ माती उलटत होती. मी त्यांना गुळाचा खडा दिला. आणि मनात दुसरं काही नाही, एवढंच की नलूच्या परसात बैल आले नाहीत कधी. तिची आई कुदळीनं खणते. आमच्याकडे जोडी आली. बाबा बैलाच्या पाठीवर थाप मारत होते, एखाद्या जमीनदारासारखे. नेम आम्हा दोघांनाही ठाऊक होता. पण तो धारचा होता, पानात वाढलेला होता, आणि इथं तर नुसती उन्हातली उघडी जमीन होती.

आई लग्नाहून आली, मागचं दार उघडलं आणि उंबऱ्यावरच थांबली. वाकून मूठभर माती घेतली, बोटांतून सोडली. "कुणी केलं?" तिनं विचारलं. "अंबाराम आला होता," बाबा म्हणाले, "एका सकाळीत." आईला अंबारामचे हात माहीत होते, त्यानं कुदळीनंच खणलं असं तिनं धरलं. बैलाचं तिनं विचारलं नाही आणि बाबांनी सांगितलं नाही. लपवलं असं नव्हे, त्यांच्या दृष्टीनं ते सांगण्यासारखं काही नव्हतंच.

त्या मातीत काय काय आलं म्हणून सांगू. आईला भाजी लावायची सवय नव्हती, पण जळणाऱ्या माणसाला उरक असतो. मोरीचं पाणी तिनं चर काढून अळवाकडे नेलं. जुन्या खाटेची चौकट उभी करून तिच्यावर दोडका चढवला. भोपळ्याचे वेल न्हाणीघराच्या पत्र्यावर गेले. पहाटे उठून ती पानं उलटून किडे शोधायची, राख टाकायची, सकाळी भांड्यांआधी तिथं आणि संध्याकाळी दिव्याआधी तिथं. मिश्राजी भिंतीवरून म्हणायचे, "भाभीजी ने तो पूरी मंडी लगा दी." आणि आम्हाला त्यातलं काही खायची परवानगी नाही. भेंड्या लागल्या, बाबा म्हणाले, चार तोड की. "ऋषीची भाजी आहे ती," आई म्हणाली. दोडका जून होऊन अंग घासायला आला तरी, "ऋषीची भाजी आहे ती." मला मात्र ती सगळ्या झाडांची नावं सांगायची, कुठल्या फुलाला फळ धरेल ते दाखवायची. आयुष्यात पहिल्यांदा आमच्याकडे असं काही होतं की जे मी नलूला दाखवणार होते. मी वाक्यसुद्धा तयार ठेवलं होतं. काय, ते सांगायला नको.

गणपतीच्या आदल्या दिवशी धारची मंडळी आली. काका, काकू, नलू. आणि काकूच्या हातात पिशवी. भरलेली, वर अळूची पानं दिसणारी. "असू दे म्हटलं सोबत," काकू म्हणाली, "वेळेला कमी-जास्त." आईनं पिशवी हसून घेतली आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, पोत्यामागे ठेवली. मी नलूला ओढत मागं नेलं. तिनं सगळं बघितलं, खाटेवरचा दोडका बघितला, पत्र्यावरचे भोपळे बघितले आणि म्हणाली, "वरच्या खोलीला दोन खिडक्या आहेत, एक माझ्या पलंगाशीच." माझं वाक्य तोंडातच राहिलं.

पंचमीच्या सकाळी आई पाटावर उभी होती आणि ओट्यावर मोठ्या पातेल्यात भाजी रटरटत होती. अळूचा वास, चिंचेचा वास. आम्हा दोघी मुलींचा त्या वर्षी पहिलाच उपास, म्हणून आम्हीही आत. पुरुष मागच्या पायरीवर चहा घेत बसलेले, खिडकीतून त्यांचं बोलणं येत होतं. काकू मिरच्या तोडायला मागे गेली होती, ती दारात येऊन हातावरची माती झटकत म्हणाली, "सुमन, माती काय मोकळी गं तुमची. आमच्याकडे कुदळ बसत नाही मेली, दर वर्षी हाताला फोड येतात."

आणि बाबा बोलले. थोरल्या भावापुढे, थोरल्या वहिनीपुढे, आयुष्यात एकदा त्यांना वरचढ व्हायची संधी आली होती. "अहो वहिनी, हे काय कुदळीचं काम आहे? सीधी बैलजोडी लावली. आधी नांगर, मग बखर. एकदम मख्खन." मी नलूकडे बघितलं. खरंच, तिच्या तोंडाकडे बघितलं, म्हटलं आता बघू काय म्हणते. नलूचं तोंड उघडं होतं, पण ती माझ्याकडे बघत नव्हती. ती माझ्या आईकडे बघत होती. आईचा डाव पातेल्यात तसाच उभा राहिला होता.

बाहेर बाबा अजून बैलांच्या शिंगांबद्दल सांगत होते. काका हळूच म्हणाले, "अरे बाळ, पंचमीची भाजी ना ही?" "हो, मग?" बाबा म्हणाले. काकांनी कप खाली ठेवला. मग त्यांचं त्यांना कळलं असावं, कारण त्यांचा आवाज त्यानंतर दिवसभर ऐकू आला नाही.

काकू बोलली नाही, हे कबूल करते. एक अक्षर नाही. फक्त तिची नजर कोपऱ्यातल्या पोत्याकडे गेली आणि चटकन परत आली. नलू म्हणाली, "आई, आपली पिशवी आहे की." तेव्हा माझी आई पाटावरून उतरली. पिशवी आणली, ओट्यावर ठेवली, पातेलं उतरवून बाजूला केलं. "मी करते, तू बस जरा," काकू म्हणाली. तिनं पायानं पाट बाजूला सरकवला आणि ओट्याशी उभी राहिली. आणि ओटा तिला बरोब्बर आला. कोपर जिथं हवेत तिथं, मान सरळ, पाठ सरळ. येणारच, तिच्याच मापाचा होता. भाजी चिरता चिरता म्हणाली, "उंची छान ठेवलीत हो ओट्याची." आई मागच्या दारातून बाहेर गेली आणि खाटेवरच्या दोडक्याला उगीचच पाणी घालत राहिली, वर आभाळ भरलेलं असताना.

पुरुषांना नेम नाही, म्हणून आमची भाजी त्यांच्या पंक्तीला. काकांनी दोनदा मागून घेतली. बाबांनी पान वर न बघता संपवलं. मग आमची पंगत बसली: काकू, नलू, मी, आणि वाढून झाल्यावर आई. तिनं आम्हा तिघींच्या पानांत मोरधन वाढलं, धारची भाजी वाढली, दही वाढलं. मग उठली, बाजूला ठेवलेलं आमचं पातेलं आणलं आणि त्यातली भाजी स्वतःच्या पानात वाढून घेतली. डावभर. मग आणखी एक डाव.

"सुमन," काकू म्हणाली, "अगं, आज चालत नाही ती."

"माहीत आहे मला." आईचा आवाज अगदी साधा होता, मीठ मागताना असतो तसा. "बैल एक सकाळ आले आणि गेले. नंतर तिथं मीच होते, जाऊबाई. माझ्या हातचीच आहे ही." आणि तिनं पहिला घास घेतला.

आजच्या पोरींना हे समजायचं नाही. त्यांना वाटेल एका भाजीचं काय एवढं. पण माझ्या आईनं आयुष्यात कधी एकादशी मोडली नव्हती, तापातसुद्धा चतुर्थी सोडली नव्हती. ती जेवत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती. माझ्या पानात धारची भाजी होती. ती चवीला चांगली झाली होती, हाच तर वैताग.

मग काकूनं आपलं पान थोडं पुढे सरकवलं आणि म्हणाली, "वाढ मला पण."

झालं. पुढची सगळी वर्षं आमच्या घराण्यात ही गोष्ट काकूची झाली. मोठी काकू किती मोठ्या मनाची, नेम मोडला पण धाकट्या जावेला एकटं पाडलं नाही. लग्नात, मुंजीत, काकूच्या तेराव्याला, कुणी ना कुणी सांगतंच. बाबासुद्धा सांगायचे, डोळ्यांत पाणी आणून. आई ऐकायची आणि पोळ्या लाटत राहायची. दुसऱ्या वर्षी गणपती परत धारला गेला, नलूच्या दोन खिडक्यांच्या घरी. पण आईनं त्या वर्षीच्या उन्हाळ्यात ती सगळी जागा एकटीनं कुदळीनं खणली, बाबांना हात लावू दिला नाही, आणि धारला जाताना मांडीवर आपली पिशवी घेऊन गेली. काकूनं तीही कौतुकानं घेतली. त्या बाईवर राग धरायला कुठं जागाच नव्हती, आणि मला नेमकं तेच जड गेलं.

देवासचं घर आता माझ्याकडे आहे. ओटा तोच आहे. पाट मला लागत नाही, मी उंच झाले; लोक म्हणतात, उंचीला अगदी मोठ्या काकूसारखी झालीस. मी म्हणते, हो का. मागची जागा अजून मी हातानंच खणून घेते.

गेल्या पंचमीला नलूनं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपल्या गच्चीवरच्या कुंड्यांचे फोटो टाकले आणि खाली ती गोष्ट लिहिली, हिंदीत, कारण आमच्या मुलानातवंडांना मराठी नीट वाचता येत नाही. "हमारी आई का दिल." खाली सगळ्यांचे जोडलेले हात, माझ्या मुलाचेसुद्धा. मी फोन लावला. म्हटलं, "नलू, आधी माझ्या आईनं वाढून घेतलं. ते का नाही लिहिलंस?"

ती म्हणाली, "शशी, मला खरंच नाही गं आठवत ते. मी माझ्या आईकडे बघत होते."

पहिल्यांदाच तिच्या बोलण्यात मला काही टोचलं नाही. मी फोन ठेवला, भाजीखालचा गॅस बंद केला आणि हे लिहायला बसले. मुलाला वाचता येणार नाही, तर मी वाचून दाखवीन. आधी आईनं वाढून घेतलं. काकूनं नंतर मागितलं.